अंगणातून टेकडीवर : नूतन बाल शिक्षण संघाची शंभर वर्षे (१९२६–२०२६)

नूतन बाल शिक्षण संघाचा इतिहास सांगायचा तर चार गावांची नावे ओळीने घ्यावी लागतात : भावनगर, दादर, बोर्डी आणि कोसबाड. पहिल्या दोन गावांत संघाने बालशिक्षणाचे शास्त्र शिकून घेतले. पुढच्या दोन गावांत, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यात, ते शास्त्र गरिबाच्या दारात नेऊन तपासले आणि लागेल तिथे बदललेही. शाळेत न येणाऱ्या मुलाबद्दल ‘त्याला शिक्षणाची आवड नाही’ असे म्हणून मोकळे होण्याची त्या काळी रीत होती. संघाने प्रश्न उलटा केला. मूल येत नसेल तर शाळेची जागा, वेळ, भाषा आणि साहित्य यांत काय चुकले आहे, ते आधी पाहायचे. शंभर वर्षांच्या कामाचे सूत्र एवढेच आहे. गिजुभाई बधेका, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ही नावे सर्वांना ठाऊक आहेत. पण हे काम ज्यांच्या हातांनी उभे राहिले त्या शिक्षिका, बालसेविका, मदतनीस, ग्रामस्थ, देणगीदार आणि आपले अंगण शाळेसाठी देणाऱ्या पाड्यांवरच्या आया या सर्वांची ही कहाणी आहे.

१९२६–१९३५ : भावनगरची पेरणी

वकिली सोडून शिक्षणाकडे वळलेल्या गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले. छडी, धाक आणि घोकंपट्टी यांच्यावाचून लहान मुले शिकतात, हे मारिया मॉन्टेसोरी यांचे म्हणणे आपल्या मातीत खरे ठरते का, हे त्यांना पाहायचे होते. राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजची प्राचार्यपदाची नोकरी सोडून ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या. प्रार्थना समाजाच्या संस्कारांत वाढलेल्या, १९१४ साली मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झालेल्या ताराबाईंनी मानाची जागा सोडून बालमंदिरातल्या मुलांत बसणे पसंत केले, याचे त्या काळी अनेकांना नवल वाटले.

बालमंदिरातला अनुभव चार भिंतींबाहेर जावा म्हणून दोघांनी १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला. शिक्षक घडवणे, पालकांना समजावणे आणि लिहिणे ही तीन कामे संघाने पहिल्यापासून अंगावर घेतली. ‘शिक्षण पत्रिका’ आधी गुजरातीत निघाली, पुढे मराठीतही निघू लागली. मूल खोटे का बोलते, हट्ट का करते, त्याला मारल्याने काय बिघडते, अशा रोजच्या प्रश्नांवर तिच्यात साध्या भाषेत लिहिलेले असे. गावोगावच्या शिक्षकांना आपण एकटे नाही, असा दिलासा या पत्रिकेने दिला.

मात्र या पहिल्या दशकातले काम मुख्यतः मध्यमवर्गीय घरांतल्या मुलांपुरते होते. मॉन्टेसोरी पद्धतीच्या लाकडी साहित्याचे संच महाग होते. १९३१ च्या ऑक्टोबरमध्ये गांधीजी लंडनमध्ये मॉन्टेसोरीबाईंना भेटले, त्यांच्या प्रशिक्षण संस्थेत बोलले. हे शिक्षण श्रीमंतांच्या मुलांइतकेच कंगालांच्या मुलांनाही मिळावे, ही आशा त्यांनी तिथे बोलून दाखवली. भारतातल्या बालशिक्षणाच्या कार्यकर्त्यांना पुढची अनेक वर्षे या अपेक्षेला उत्तर द्यावे लागणार होते.

१९३६–१९४५ : दादर ते बोर्डी

१९३० च्या दशकात ताराबाई मुंबईला आल्या. १९३६ मध्ये दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार सुरू झाले. तिथे बालमंदिराला जोडून बालशिक्षिकांच्या प्रशिक्षणाचे वर्ग चालू झाले. मुंबईतल्या शेकडो घरांत ‘बालमंदिर’ हा शब्द पोचला तो शिशुविहारमुळे. १९३९ मध्ये गिजुभाई गेले आणि संघाची धुरा ताराबाईंवर आली. त्याच वर्षी मॉन्टेसोरीबाई मद्रासजवळच्या अड्यार येथे प्रशिक्षणवर्गासाठी आल्या आणि देशभर बालशिक्षणाची चर्चा वाढली.

शिशुविहार नावारूपाला आले होते. कोणीही तिथेच समाधान मानले असते. ताराबाईंना मात्र ही रीत खेड्यात, गरिबांत चालते का, हे पाहायचे होते. गांधीजींची नयी तालीम याच सुमारास मुलाच्या पहिल्या वर्षांपर्यंत खाली येत होती आणि पूर्वबुनियादी शिक्षणाचा विचार सेवाग्रामला सुरू झाला होता. १९४५ मध्ये बोरिवलीला कस्तुरबा ट्रस्टचे ग्रामसेविकांचे शिबिर भरले. तिथे अनुताई वाघ आल्या होत्या. पुणे जिल्ह्यातल्या मोरगावात १९१० मध्ये जन्मलेल्या अनुताईंचे तेराव्या वर्षी लग्न झाले आणि काही महिन्यांतच त्या विधवा झाल्या. शिकून, नोकरी करून त्या पायावर उभ्या राहिल्या होत्या. ताराबाईंनी खेड्यात काम करायला सोबत येणार का, असे विचारले आणि अनुताई निघाल्या. त्यांची ही सोबत पुढे ताराबाईंच्या अखेरपर्यंत टिकली.

जागा ठरली बोर्डी. इथे गोखले एज्युकेशन सोसायटीची शाळा १९२० पासून होती आणि आचार्य भिसे यांच्यासारख्या शिक्षकांमुळे गावाला शिक्षणाचे वळण लागलेले होते. डिसेंबर १९४५ मध्ये बोर्डीत संघाचे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले.

ते साल बोर्डीभोवतीच्या डहाणू-तलासरी भागाच्या इतिहासात साधे नव्हते. १९३५ च्या कायद्याने या भागाची गणना ‘अंशतः वर्जित’ क्षेत्रांत झाली होती. सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याने १९३० च्या दशकाच्या शेवटी सरकारला दिलेल्या अहवालात इथल्या गरिबीची कारणे नोंदवली होती. जमिनी सावकार आणि जंगलठेकेदारांकडे गेलेल्या. पावसाळ्यात घरातले धान्य संपले की खावटी, म्हणजे उसने धान्य, घ्यायची आणि सुगीत ती दिढीने, म्हणजे दीडपट, फेडायची. लग्नासाठी कर्ज काढले की नवराबायको दोघेही मालकाच्या घरी राबायचे. अशा माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. कर्ज फिटण्याची मुदत मालकाच्या वहीत असे आणि ती वही वाचता येणारा पाड्यात कोणी नसे. १९४० मध्ये बाळासाहेब खेर यांनी आदिवासी सेवा मंडळ काढले. मे १९४५ मध्ये झरी गावी शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारली आदिवासींनी वेठबिगारी नाकारली. पाचशे पौंड गवत कापायला अडीच रुपये मजुरी, ही त्यांची मागणी गाजली. ऑक्टोबरात तलवाड्याला जमलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला, त्यात जेठ्या गांगड आणि त्यांचे साथी मारले गेले. केंद्राचे दार उघडले ते यानंतर दोन-अडीच महिन्यांनी. केंद्राचा मार्ग लढ्याचा नव्हता, शिक्षणाचा होता. पण ज्या घरांतून मुले यायची होती त्या घरांत नुकतेच काय घडले आहे, याची जाणीव कार्यकर्त्यांना होती.

१९४६–१९५५ : अंगणात उतरलेली बालवाडी

बोर्डीत बालवाडी सुरू झाली तेव्हा गावातली वरच्या थरातली मुले आली. हरिजनवस्तीतली आणि वारल्यांच्या पाड्यांवरची मुले येईनात. शिक्षिका सकाळी घरोघर फिरून मुले गोळा करू लागल्या. त्यात दिवसाचे दोन-तीन तास जात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. काही मुले शिक्षिका दिसल्या की लपत. काहींच्या अंगावर कपडा नसे. बहुतेकांचे आईबाप उजाडताच कामाला गेलेले असत आणि पाच-सहा वर्षांची मुलगी कडेवर धाकटे भावंड घेऊन घर राखत असे. तिला ‘शाळेत चल’ म्हणण्याचा अर्थ ‘भावंडाला टाकून ये’ असा होत होता.

ताराबाईंनी मग बालवाडीच पाड्यावर न्यायचे ठरवले. कुणाच्या तरी कुडाच्या घरापुढचे सारवलेले अंगण मागून घ्यायचे आणि तिथेच तास-दोन तास मुलांना जमवायचे. याचे नाव पडले अंगणवाडी. गावातली मध्यवर्ती बालवाडी आणि पाड्यापाड्यांवरच्या अंगणवाड्या अशी जोडरचना तयार झाली. आज खेडोपाडी ज्या नावाने सरकारी केंद्र ओळखले जाते, त्या नावाचा आणि रीतीचा उगम इथला.

अंगणवाडीच्या पहिल्या तासाला पाटी नसे. बादली, कंगवा, नखे कापायची कात्री आणि खोबरेल तेल एवढा संसार घेऊन शिक्षिका येत. मुलांना आंघोळ घालायची, केस विंचरायचे, नखे कापायची, खरजेला औषध लावायचे. घरातल्या म्हाताऱ्या दारात बसून हे सगळे पाहत. शहरातून आलेल्या, शिकलेल्या बायका आपल्या नातवंडाची मळलेली पावले मांडीवर घेऊन धुतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले आणि तिथून विश्वास बसायला सुरुवात झाली. स्वच्छता झाली की गाणी, गोष्टी आणि खेळ. साहित्यही पाड्यावरचेच : चिंचोके, शिंपले, गुंजा, खडे, पाने, फुले, गवताच्या काड्या, मातीचे गोळे. लहानमोठे, हलकेजड, खरखरीतगुळगुळीत हे भेद शिकवायला परदेशी नमुन्याचे लाकडी संच लागत नाहीत, हे इथे सिद्ध झाले. मॉन्टेसोरी पद्धत स्वस्त करणे हा यातला एक भाग होता. मुलाच्या हाताशी रोज असलेल्या वस्तूंना शाळेत मान मिळाला, हा दुसरा आणि अधिक मोलाचा भाग.

भाषेचा अडसर होताच. पुस्तकी मराठी वारली मुलाला परकी होती. शिक्षिका आधी त्याचे शब्द शिकत, त्याच्या गाण्यांत गाणे मिसळत आणि मग हळूहळू प्रमाण मराठीकडे येत. मुलाच्या बोलीला हसायचे नाही, हा केंद्राचा अलिखित नियम होता.

या काळात पैशांची चणचण कायम असे. ताराबाई १९४६ पासून काही वर्षे मुंबई विधानसभेच्या सदस्य होत्या. त्यांनी बालशिक्षणाचा प्रश्न तिथेही मांडला. बोर्डीकर ग्रामस्थ आणि मुंबईचे हितचिंतक यांनी वेळोवेळी हात दिला. वस्तीवस्तीतली मुले एकत्र बसवण्याबद्दल सुरुवातीला काही घरांतून नाराजी होती. ती बोलून, समजावून आणि मुख्यतः वाट पाहून ओसरली.

१९५६–१९६५ : कोसबाडची टेकडी, कुरणातली शाळा

किनाऱ्यालगतची बोर्डी बागायतीची. चिकूच्या वाड्या, पारशी-इराणी बागाईतदार, शिकलेली माणसे. ज्यांच्यासाठी काम करायचे ते आदिवासी रेल्वेच्या पूर्वेला, डोंगराच्या अंगाला राहत. म्हणून १९५६–५७ च्या सुमारास केंद्र कोसबाडच्या टेकडीवर हलले. टेकडीवर तेव्हा गोखले एज्युकेशन सोसायटीची कृषिशिक्षण संस्था होती. बाकी रान, गवत आणि भोवती पाडे. पाणी, रस्ता, दिवा यांची वानवा होती. पावसाळ्यात ओढे भरले की टेकडीचा संपर्क तुटे. या दिवसांविषयी अनुताईंनी पुढे ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ या पुस्तकात लिहिले.

कोसबाडला मुले बालवाडीत रुळली, पण सहा-सात वर्षांची झाली की नाहीशी होऊ लागली. कारण शोधायला फार लांब जावे लागले नाही. त्या वयात मूल गुरे राखू लागते. मालकाची गुरे राखली की मुलाला पोटाला मिळते, वर घरात थोडे धान्य येते. तास सकाळी अकराचा आणि गुरे रानात सोडायची वेळही तीच. शाळा आणि जेवण यांतून एक निवडायचे तर घर जेवण निवडणार, आणि त्यात घराची चूक नव्हती.

केंद्राने मग कुरणशाळा सुरू केली. मुले गुरे घेऊन जातील त्या कुरणात शिक्षकाने जायचे. सोबत पिशवीत खडू, काही चित्रे, गोष्टींची पुस्तके. झाडाच्या सावलीत मुले जमत. दोघेजण आळीपाळीने गुरांवर नजर ठेवत, बाकीचे शिकत. मोजणी गुरांपासूनच सुरू होई : सकाळी किती सोडली, नाल्यापलीकडे किती गेली, उरली किती. अक्षरे काठीने मातीवर काढायची. पक्ष्यांची घरटी, वारुळे, गवताचे प्रकार, ढगांची चाल यांवर निसर्गाचा पाठ चाले आणि त्यात शिक्षकापेक्षा मुलांनाच जास्त ठाऊक असे. मध्येच एखादी शेळी कुणाच्या शेतात घुसली की पाठ मोडे, सगळे धावत सुटत आणि परतल्यावर पाठ पुन्हा लागे. वेळापत्रकात याची सोय धरलेलीच होती. दिवसभर राबणाऱ्या मोठ्या मुलांसाठी रात्रीचे वर्ग चालू झाले.

कुरणशाळेला मर्यादा होत्या आणि केंद्राने त्या लपवल्या नाहीत. पाऊस आला की शाळा विस्कटे. गुरे पांगली की मुलेही पांगत. शिक्षकाला रोज मैलोगणती चालावे लागे. तरी ज्या मुलांची नावे कोणत्याच हजेरीपटावर नव्हती ती वाचू-लिहू लागली. अशी शाळा होऊ शकते हे शिक्षणखात्याला आणि देशभरातल्या शिक्षणतज्ज्ञांना पाहता आले, हे तिचे मोठे यश. १९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. हा सन्मान टेकडीवरच्या सर्व सहकाऱ्यांचा मानला गेला.

१९६६–१९७५ : विकासवाडी आणि देशभरची अंगणवाडी

अंगणवाडी आणि कुरणशाळा यांच्या अनुभवातून विकासवाडी आकाराला आली. एकाच आवारात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा. कडेवर भावंड घेऊन येणारी मुलगी त्याला पाळणाघरात सोडी आणि स्वतः वर्गात बसे. मधल्या वयातले भावंड बालवाडीत जाई. तिघांसाठी एकच वाट, एकच वेळ. मुलींची शाळा सुटण्याचे सर्वांत मोठे कारण इथे एका व्यवस्थेने दूर झाले. वरच्या वर्गातल्या मुली पाळणाघरातल्या कामात हात लावत, त्यातून आरोग्य आणि बालसंगोपन शिकत. बालवाडीतून आलेले मूल पहिलीत बिचकत नसे, कारण इमारत, माणसे आणि गाणी त्याच्या ओळखीची असत.

याच दशकात भोवतालचा मुलूख बदलू लागला. १९६९ मध्ये तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले. मागोमाग बोईसर-तारापूरला औद्योगिक वसाहत आली. सातपाटी, डहाणूची मासळी, घोलवडचे चिकू आणि बोईसरचे कारखाने, अशी या पट्ट्याची नवी ओळख झाली. पक्की नोकरी मात्र शिकलेल्याला मिळाली. पाड्यावरच्या माणसाच्या वाट्याला हमाली, बांधकाम आणि गवंड्याच्या हाताखालचे रोजंदारीचे काम आले. दारातल्या कारखान्यातही शिक्षणावाचून शिरता येत नाही, हे पालकांच्या लक्षात आले आणि शाळेविषयीची ओढ वाढली.

३१ ऑगस्ट १९७३ रोजी ताराबाईंचे निधन झाले. संस्थेवरचे छत्र गेले, पण कामात खंड पडला नाही. अनुताई आणि सहकाऱ्यांनी धुरा उचलली. दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि तिच्या गावपातळीवरच्या केंद्राला अंगणवाडी हेच नाव मिळाले. आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी आणि शाळापूर्व शिक्षण एकत्र देण्याचा हा देशव्यापी कार्यक्रम ताराबाईंना पाहता आला नाही.

१९७६–१९८५ : शिकवणारे हात

कल्पना देशभर गेली, तसे ती चालवणारी माणसे घडवण्याचे काम कोसबाडवर आले. बालसेविका आणि अंगणवाडी सेविका यांचे प्रशिक्षण हा या दशकातला मुख्य उद्योग ठरला. प्रशिक्षणार्थी बायका जिल्ह्याजिल्ह्यांतून येत. कुणी सातवी शिकलेली, कुणी विधवा, कुणी नवऱ्याने टाकलेली, कुणी घरातून पहिल्यांदाच एकटी बाहेर पडलेली. खेळणी स्वतः बनवायची, गाणी पाठ करण्याऐवजी रचायची, सकाळी पाड्यावर जाऊन प्रत्यक्ष बालवाडी घ्यायची, असा इथला शिरस्ता होता. अनुताईंच्या ‘बालवाडी कशी चालवावी’ या पुस्तकाने हे धडे टेकडीपर्यंत न आलेल्या सेविकांनाही दिले.

मुलांबरोबर आयांचे प्रश्न पुढे येत गेले : दारू, मारझोड, बुडालेली मजुरी, भगताच्या नादाने लांबलेले औषधपाणी. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीस अनुताईंनी ठाणे जिल्ह्यात स्त्रीशक्ती जागृतीचे काम उभे केले. १९८२ मध्ये त्यांच्या पुढाकाराने ‘ग्राममंगल’ ही संस्था निघाली. प्रा. रमेश पानसे आणि सहकाऱ्यांनी पुढे डहाणू तालुक्यात आदिवासी मुलांच्या शिक्षणाचे प्रयोग तिच्यामार्फत वाढवले. एका संस्थेतून दुसरी निघते तेव्हा कार्यपद्धतीविषयी वेगवेगळी मते असतात. त्यांचा तपशील देण्याचे इथे प्रयोजन नाही; दोन्ही प्रवाह मुलांच्याच कामी आले, ही नोंद पुरेशी आहे.

१९८४ मध्ये अनुताईंना पद्मश्री आणि १९८५ मध्ये जमनालाल बजाज पुरस्कार मिळाला.

१९८६–१९९५ : निरोप आणि नवी जबाबदारी

सत्तरी ओलांडल्यावरही अनुताईंचे लेखन, दौरे आणि पाड्यावरच्या भेटी चालू होत्या. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांचे निधन झाले. सत्तेचाळीस वर्षांपूर्वी बोरिवलीच्या शिबिरातून निघालेला त्यांचा प्रवास कोसबाडलाच संपला. त्यानंतर सिंधुताई अंबिके आणि जुन्याजाणत्या सहकाऱ्यांनी संस्था सांभाळली. संस्थापकांनंतर संस्था ओसरतात, असा सर्वसाधारण अनुभव आहे. इथे काम चालू राहिले ते तयार केलेल्या दुसऱ्या फळीमुळे.

याच सुमारास जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी राज्य हादरले. गरिबी ही पैशांच्या कमतरतेपेक्षा बरेच काही असते, हे या घटनेने पुन्हा दाखवले. रस्ता नाही म्हणून दवाखाना नाही, दवाखाना नाही म्हणून औषध नाही, आई कामावर म्हणून बाळाला वेळेवर खाणे नाही. अंगणवाडीच्या मूळ कल्पनेत आहार, आरोग्य, शिक्षण आणि आईची सोय ही चारही अंगे एकत्र का होती, याचा उलगडा अशा वेळी होतो. यांतले एकच उचलून बाकीची सोडली की मूल हातातून जाते.

१९९६–२०१५ : स्थलांतराच्या वाटेवर

पालघर, डहाणू, जव्हार, मोखाड्यातली हजारो कुटुंबे भातकापणी आणि दिवाळी उरकली की वसई, भिवंडी, बोईसरकडे वीटभट्ट्यांवर, रेतीवर, बांधकामांवर जातात. काही होळीला घरी येऊन पुन्हा जातात आणि पावसाच्या तोंडाशी कायमची परततात. शाळेचे वर्ष जूनला सुरू होते, मुलाचे मात्र नोव्हेंबरात तुटते. नव्वदच्या दशकात ‘विधायक संसद’ या संस्थेने वसई भागातल्या वीटभट्ट्यांवर मजुरांच्या झोपड्यांजवळ भोंगाशाळा चालवल्या. साखर कारखान्यांच्या परिसरात ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी साखरशाळा निघाल्या. काम जिथे तिथे शाळा, हे कुरणशाळेचेच तत्त्व या प्रयोगांत दिसते.

कायद्यानेही या काळात काही दारे उघडली. १९९६ चा पेसा, २००६ चा वनहक्क कायदा आणि २००९ चा शिक्षणहक्क कायदा यांमुळे ग्रामसभा, जमीन आणि शाळा या तिन्ही बाबतींत मागणी हक्काने करता येऊ लागली. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार या क्षेत्राच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ३७ टक्के आहे. तलासरी, विक्रमगड, जव्हार, मोखाडा या तालुक्यांत दहांत नऊ माणसे आदिवासी आहेत. पूर्वी सरकारी कामासाठी ठाण्यापर्यंत हेलपाटे घालावे लागत, ते पालघरवर आले.

या वर्षांत संस्थेने शाळा आणि प्रशिक्षण ही दोन कामे नेटाने चालवली. अनुदानाला उशीर, शिक्षकांची कमतरता, पटसंख्येचे चढउतार या अडचणी ग्रामीण संस्थांना नव्या नाहीत. कार्यकर्त्यांनी आणि ग्रामस्थांनी त्या धीराने निभावल्या.

२०१६–२०२६ : आजचे काम

२०२० मध्ये करोनाने शाळा बंद झाल्या. पाड्यांवर मोबाइल मोजके आणि रेंज त्याहून मोजकी. अशा वेळी राज्यात अनेक ठिकाणी शिक्षक ओट्यांवर, पारावर, अंगणात मुलांना चार-चार, पाच-पाच जमवून शिकवू लागले. पाऊणशे वर्षांपूर्वी बोर्डीत ज्या कारणाने बालवाडी अंगणात गेली, तेच कारण पुन्हा उभे राहिले होते. त्याच वर्षी जाहीर झालेल्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ या वयाचा एकच पायाभूत टप्पा मानला आणि घरच्या भाषेतून शिकवण्यावर भर दिला. विकासवाडीत बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका आवारात आणण्यामागे हाच विचार होता.

आज कोसबाडच्या टेकडीवर डांबरी रस्ता जातो, मुली सायकलवरून शाळेत येतात, पूर्वीच्या विद्यार्थिनींच्या नाती बालवाडीत आहेत. वेठबिगारी कायद्याने १९७६ मध्येच संपली आणि खावटीसाठी सावकाराचे दार ठोठावणारी पिढी आता आजीआजोबांची झाली. पण वगळले जाण्याच्या नव्या तऱ्हा आल्या आहेत. आधार कार्डावरच्या नावात एक अक्षर चुकले म्हणून अडलेली शिष्यवृत्ती. जातीचा दाखला काढायला बुडालेले मजुरीचे चार दिवस. बोईसरच्या चाळींत राहणारी परप्रांतीय कामगारांची मुले, ज्यांच्या घरची भाषा वर्गात कुणालाच येत नाही. नाक्यावर कामासाठी उभ्या असलेल्या आईच्या पदराशी घुटमळणारे तीन वर्षांचे मूल, जे गावच्या अंगणवाडीच्या पटावर आहे आणि बोईसरच्या कुठल्याच पटावर नाही. उन्हाने तापलेल्या नाक्यावर त्याच्यासाठी ना पाळणा आहे, ना गाणे.

शताब्दीच्या निमित्ताने मागे पाहताना हे काम कुणी एकट्याने केले नाही, हे पुन्हा नमूद करावेसे वाटते. पाड्यापाड्यांवर चालत गेलेल्या शिक्षिका, पाळणाघरातल्या ताई, स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या मावश्या, हिशेब राखणारे कारकून, वेळप्रसंगी पदरमोड करणारे विश्वस्त, साथ देणारे अधिकारी आणि आपले मूल विश्वासाने सोपवणारे पालक यांची नावे लिहायची तर ही स्मरणिका पुरणार नाही.

दुसऱ्या शतकासाठी संघाला नवे तत्त्व शोधायचे नाही. बोर्डीत ठरलेली तपासणी बोईसरच्या नाक्यावर, वीटभट्टीवर आणि चाळीत पुन्हा लावायची आहे. गैरहजर मुलांची यादी हातात आली की पहिली चौकशी शाळेची : ती कुठे भरते, किती वाजता भरते, कोणत्या भाषेत बोलते आणि मुलाच्या आईच्या कामाच्या वेळेशी तिचा मेळ बसतो का. या चार प्रश्नांची उत्तरे हजेरीपटाबरोबर दरवर्षी लिहून ठेवायची. कुठे बदल करायचा ते त्यातूनच ठरेल, आणि तो बदल शाळेने करायचा.